ऐकणारे कान

आमच्या वाचकांपैकीं पुष्कळ घरांची कुलस्वामिनी अंबाजोगाईची योगेश्वरी आहे. घरांत लग्नकार्य झालें कीं पुण्यामुंबईहून, कोंकणांतून, अलीकडे तर परदेशांतूनहि मंडळी बीड जिल्ह्यांतील ह्या गांवीं येतात, नव्या सुनेच्या हातून देवीची ओटी भरवितात, नैवेद्य दाखवितात, आणि परतीच्या गाडीस वेळ असला तर मुकुंदराजांच्या समाधीकडे एक फेरी मारून येतात. मुकुंदराजांचा ‘विवेकसिंधु’ परंपरेनें शके १११० चा, म्हणजे इ. स. ११८८ चा मानला जातो; ज्ञानेश्वरीच्या शंभर वर्षें आधींचा. एवढी माहिती बहुतेक यात्रेकरूंस असते. परंतु ह्याच गांवांत आणखी एक वस्तु जतन करून ठेविलेली आहे, तिच्याकडे आमचें लक्ष क्वचित् जातें. ती वस्तु म्हणजे दासोपंतांची पासोडी.

दासोपंत (इ. स. १५५१ ते १६१५) हे गीतेवरील ‘गीतार्णव’ ह्या विस्तीर्ण टीकेचे कर्ते म्हणून सर्वांस ठाऊक आहेत. पासोडी म्हणजे अंगावर घ्यावयाचें जाडेंभरडें वस्त्र. अशा सुमारें चाळीस फूट लांब व चार फूट रुंद वस्त्रावर त्यांनीं ‘पंचीकरण’ हें वेदान्तप्रकरण ओवीबद्ध करून लिहून काढलें. कागद त्या काळीं मिळत नव्हता असें नाहीं. दौलताबादेजवळच्या कागजीपुऱ्यांत हातकागद होत असे. तरी त्यांनीं वस्त्र कां निवडलें, हें त्यांचें त्यांनाच ठाऊक. आमच्या मनांत मात्र एक साधा विचार येतो. पोथी एकाच्याच पुढ्यांत असते. पासोडी भिंतीला टांगली तर दहा जण तिच्यापुढें उभे राहूं शकतात. एक जण बोट फिरवील, बाकीचे ऐकतील, आणि ऐकतां ऐकतां त्यांचेहि डोळे अक्षरांवरून फिरूं लागतील.

ह्या महिन्याचा आमचा विषय शाळेंतील मुलांचें वाचन हा आहे. फारसा खर्च न करतां मुलांना पुस्तकांची ओढ कशी लागेल, हा प्रश्न घरोघर निघतो. त्याचें उत्तर शोधतांना आरंभींच पासोडी आठवली, ती कां, हें पुढें ध्यानांत येईल.

मागें एकदां त्याच भागांतील एका खेड्याच्या प्राथमिक शाळेंत जाण्याचा योग आला. ती शाळा कोणती हें सांगण्याचें कारण नाहीं, कारण तशी ती एकटीच आहे असें नाहीं. कचेरीच्या खोलींत एक लोखंडी कपाट होतें. त्याच्या दाराला कांच, आणि कांचेआड दोनशें-अडीचशें पुस्तकें, अगदीं कोरीं करकरीत. कपाटाला कुलूप होतें. किल्ली मुख्याध्यापकांपाशीं, आणि ते सभेसाठीं तालुक्याच्या गांवीं गेलेले. पटांगणांत मधली सुटी चालली होती. एक आठ-नऊ वर्षांचा मुलगा आंत आला, कांचेला नाक लावून उभा राहिला, आणि पुस्तकांच्या कण्यांवरचीं नांवें एकामागून एक पुटपुटूं लागला. शेवटच्या पुस्तकापर्यंत पोंचल्यावर त्यानें पुन्हां पहिल्यापासून आरंभ केला. मीं विचारलें, “ह्यांतलें कोणतें वाचलेंस रे?” तो म्हणाला, “भायरून समदीच वाचलीत.”

गुरुजींना दोष देणें सोपें आहे. परंतु पुस्तक हरवलें तर जडसंग्रहाच्या नोंदवहींत त्याचा हिशेब त्यांनाच द्यावा लागतो. दोन शिक्षक आणि चार इयत्ता असा जेथें कारभार, तेथें कुलूप लावणें हाच सुरक्षिततेचा मार्ग वाटावा, ह्यांत नवल नाहीं. आणि खरें सांगावयाचें तर आमच्या स्वतःच्या दिवाणखान्यांतील कांचेचीं कपाटें तरी कोठें उघडीं असतात? पुस्तकाला पाय लागला तर आपण नमस्कार करतों, पोथी रुमालांत बांधून उंच जागीं ठेवितों. हा आदर चांगला. परंतु आदर इतका वाढूं नये कीं ज्याच्यासाठीं पुस्तक लिहिलें त्याचा हातच त्याच्यापर्यंत पोंचूं नये.

तथापि केवळ कुलूप काढल्यानेंहि काम भागत नाहीं. उघड्या कपाटांपुढून मुलें सरळ निघून जातात, हेंहि आपण पाहतों. येथें थोडा विचार करावा. मूल बोबडें बोलूं लागतें तेव्हां सारें घर कान देऊन ऐकतें. आजोबा तर एकेक शब्द पुन्हां पुन्हां म्हणवून घेतात. म्हणूनच तें बोलावयास शिकतें. तेंच मूल पहिलींत जाऊन अक्षरें जुळवूं लागलें कीं आपण काय म्हणतों? “गडबड करूं नकोस, मनांत वाच.” अडखळत, थांबत, बोट ठेवून केलेलें तें पहिलें वाचन ऐकावयास कोणालाच सवड नसते. ज्या कामाला श्रोता नाहीं त्या कामांत मुलाला रस कसा वाटावा? बक्षिसें, स्पर्धा, ‘महिन्यांत किती पुस्तकें वाचलीं’ ह्याचे तक्ते, हे सारे त्या श्रोत्याच्या अभावीं केलेले उपाय आहेत. त्यांनीं पुस्तकांची संख्या वाढते, आणि पुष्कळदां न वाचलेल्या पुस्तकांचीहि नांवें वहींत चढतात.

आमच्या घरांना हें नवें वाटूं नये. श्रावणांत संध्याकाळीं पोथी लागे, एक जण वाची, घरचीं आणि शेजारचीं माणसें ऐकत. वाचणारा बहुधा घरांतला मुलगाच असे, आणि आजी मधूनच त्याचा उच्चार सुधारी. कित्येकांचें वाचन शाळेपेक्षां त्या पाटावरच सुधारलें. मात्र हेंहि प्रामाणिकपणें म्हटलें पाहिजे कीं त्या पोथीभोंवतीं बसण्याची मुभा सर्वांना सारखी नव्हती. अक्षर हें पिढ्यान्‌पिढ्या थोड्या घरांच्या ताब्यांत राहिलें. स्त्रियांना आणि इतर कितीतरी जातींना तें नाकारलें गेलें. महात्मा फुले व सावित्रीबाईंनीं १८४८ मध्यें पुण्यास मुलींची शाळा काढली, तेव्हां ज्यांनीं विरोध केला त्यांत आपल्यासारखीं घरें पुष्कळ होतीं. म्हणून खेड्यांतील मुलाचें वाचन ऐकण्यास आपण बसलों तर त्यास परोपकाराचें नांव देऊं नये. जुनें देणें आहे, तें थोडें थोडें फेडावयाचें आहे.

आतां प्रत्यक्ष उपक्रमांकडे वळूं. पुढें दिलेले पांचहि उपक्रम गरीबांतील गरीब शाळेला परवडतील असे आहेत, आणि प्रत्येकांत वाचणाऱ्याला कोणी तरी ऐकणारा मिळतो.

पहिला उपक्रम वर्गाची पासोडी. एखादें जुनें पांढरें धोतर किंवा चादर घ्यावी. तशीच तिच्यावर शाई लावली तर ती फुटते; म्हणून तांदळाच्या पेजेची चांगली दाट खळ करून कापड तिच्यांत बुडवावें, वाळवावें व इस्त्री करावें. मग कुंचल्यानें दोन बोटें उंचीचें ठळक अक्षर सुंदर उमटतें. त्यावर आठ-दहा ओळींची एक गोष्ट लिहावी. पहिली गोष्ट गुरुजींनीं लिहावी. पुढच्या मुलांनीं स्वतः रचाव्या: गांवांतल्या विहिरीची, चुकार रेडकाची, आठवडी बाजाराची. कापड मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर टांगावें, मोठ्यांच्या नव्हे. रोज एका मुलानें काठीनें शब्द दाखवीत वाचावें, बाकीच्यांनीं ऐकावें. आठवड्यानें पुढचा तुकडा पहिल्याला शिवून घ्यावा. वर्षअखेर पासोडी वर्गाच्या चारी भिंतींवर फिरते, आणि पहिलींतलें मूलहि आपण केव्हांपासून किती वाचीत आलों हें डोळ्यांनीं पाहूं शकतें. अंबाजोगाईच्या आसपासच्या शाळांनीं तर मुलांना एकदां दासोपंतांच्या पासोडीची हकीकत अवश्य सांगावी. आपल्याच गांवच्या एका माणसानें चारशें वर्षांपूर्वीं कापडावर ग्रंथ लिहिला, हें कळल्यावर मुलें शाईनें हात काळे करावयास अधिकच उत्सुक होतील.

दुसरा उपक्रम हस्तलिखित दैनिकाचा. साने गुरुजी १९२४ पासून अंमळनेरच्या प्रताप हायस्कुलांत शिक्षक होते व तेथील छात्रालयाची जबाबदारी त्यांच्याकडे होती. त्या दिवसांत ते मुलांसाठीं ‘छात्रालय दैनिक’ हातानें लिहून काढीत. पहांटे उठून लिहावें आणि मुलें उठण्यापूर्वीं तें तयार असावें, असा त्यांचा परिपाठ होता. छापखाना नाहीं, वर्गणी नाहीं. तरी वाचकवर्ग पक्का, कारण मजकूर त्या मुलांविषयींचा होता. प्रत्येक गुरुजींना हें रोज साधणार नाहीं. परंतु जुन्या दिनदर्शिकेच्या कोऱ्या पाठीवर चौथीच्या मुलांनीं आठवड्यांतून एकदां गांवची बातमी लिहिली, आणि ती ग्रामपंचायतीच्या किंवा मारुतीच्या पारावर वाचून दाखविली, तर खर्च कांहींच नाहीं. कोणाच्या विहिरीला पाणी लागलें, पावसानें कोणाचें सोयाबीन झोडपलें, कोणाच्या घरीं पाळणा हालला, हें वाचून दाखविणाऱ्या मुलाला गांव कान देऊन ऐकतें. अडखळला तर पारावरचे म्हातारेच त्याला शब्द पुरवितात.

तिसरा उपक्रम अर्ध्यावर थांबणाऱ्या गोष्टीचा. भावनगरच्या दक्षिणामूर्ति संस्थेंत १९२० मध्यें बालमंदिर सुरू करणारे गिजुभाई बधेका (१८८५ ते १९३९) हे आधीं वकील होते. त्यांच्या ‘दिवास्वप्न’ ह्या पुस्तकांतील कल्पित शिक्षक चौथीच्या दांडगट वर्गापुढें प्रथम पाठ्यपुस्तक काढीतच नाहीं; तो गोष्ट सांगावयास बसतो. गोष्टीनें वर्ग शांत होतो, आणि हळूहळू मुलांना तीं पुस्तकें हवींशीं वाटूं लागतात. तोच शिक्षक आणखी एक युक्ति करतो. प्रत्येक मुलानें एकच पाठ्यपुस्तक विकत घेण्याऐवजीं सर्वांच्या पैशांतून निरनिराळीं गोष्टींचीं पुस्तकें आणावयाचीं, म्हणजे वर्गाचें आपोआप वाचनालय होतें. तेच पैसे, परंतु एका पुस्तकाच्या चाळीस प्रती न होतां चाळीस पुस्तकें होतात. आज पाठ्यपुस्तकें शाळेंतून विनामूल्य मिळतात, तेव्हां ही युक्ति वाढदिवसाच्या चॉकलेटांना लावावी: ज्याचा वाढदिवस त्यानें शक्य असेल तर वर्गाला एक पुस्तक द्यावें, आणि तें सर्वांत आधीं त्यानेंच वाचून दाखवावें. ज्याला शक्य नसेल त्यानें वर्गांतलेंच एखादें निवडून वाचावें. मान दोघांना सारखाच. गोष्ट मोठ्यानें वाचून दाखविण्याचें काम मात्र गुरुजींनीं रोज दहा मिनिटें करावें, आणि रंगांत आली कीं थांबावें. आमचे कीर्तनकार हें उत्तम जाणतात. पूर्वरंग संपवून बुवा आख्यानांत शिरले, पात्रें ऐन संकटांत सापडलीं, कीं नेमका त्याच जागीं ते गजर घेतात. श्रोता उठूं शकत नाहीं. गुरुजींनीं तें पुस्तक तेथेंच टेबलावर उघडें ठेवून बाहेर जावें. परत येईपर्यंत पुढचें पान कोणी तरी वाचलेलेंच असेल.

चौथा उपक्रम आम्हांस सर्वांत प्रिय आहे. त्यास श्रोत्याची वही म्हणावें. प्रत्येक मुलानें रोज कोणा एका मोठ्या माणसाला एक पान वाचून दाखवावयाचें, आणि त्या माणसानें वहींत सही करावयाची. सही येत नसेल तर अंगठा. बीड जिल्ह्यांतील कितीतरी आज्यांचा अंगठा आजवर कर्जाच्या आणि जमिनीच्या कागदांवर उठला. बहुतेक वेळां कागदांत काय लिहिलें आहे हें त्यांना कोणी वाचून दाखविलें नाहीं. त्याच अंगठ्यानें आतां ‘माझ्या नातवानें वाचलें, मीं ऐकलें’ अशी साक्ष द्यावयाची. ह्या वहींत गुण नसावेत, शेरा नसावा. आजीनें फक्त एवढेंच करावें: गोष्ट ऐकून झाली कीं तिला काय आठवलें तें सांगावें. तिला ओवी आठवली तर मुलानें ती उतरून घ्यावी. जात्यावरच्या ओव्या हें मराठी स्त्रियांचें स्वतःचें वाङ्मय आहे. हेमा राइरकर आणि त्यांचे फ्रेंच सहकारी गी प्वातवाँ यांनीं गांवोगांव फिरून ज्या एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या, त्यांत ह्याच जिल्ह्यांतील माजलगांवच्या स्त्रियांनीं म्हटलेल्या ओव्याहि आहेत. आपल्या आजीच्या तोंडचा शब्द आपल्याच हातानें लिहिलेला मूल दुसऱ्या दिवशीं वर्गांत वाचतें, तेव्हां लिहिणें-वाचणें हें शहरांतून आलेलें परकें काम राहत नाहीं.

आतां पांचवा उपक्रम. आणि येथें बीडची खरी अडचण पुढें येते.

दसरा-दिवाळीच्या सुमारास ह्या जिल्ह्यांतून ऊंसतोडीला माणसें निघतात. धारूर, वडवणी, केज, पाटोदा, शिरूर कासार, आष्टी, कोणत्याहि तालुक्यांत जा. मुकादमाची उचल घेतलेलीं जोडपीं ट्रॅक्टरवर किंवा बैलगाडींत संसार भरून पश्चिम महाराष्ट्राकडे, कांहीं कर्नाटकाकडे जातात. नवराबायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो. पाडव्याच्या आगेंमागें तीं परततात. कित्येकांबरोबर मुलेंहि जातात, आणि फडाशेजारच्या कोपींत शाळेचें अर्धें वर्ष निघून जातें. कांहीं मुलें गांवींच आजी-आजोबांपाशीं राहतात. त्यांच्यासाठीं शासनाच्या योजनेंतून हंगामी वसतिगृहें चालविलीं जातात, व तेथें त्यांच्या जेवणाची सोय होते. परंतु जीं बरोबर जातात, तीं दिवाळीपूर्वीं जें वाचावयास शिकलीं तें पाडव्यापर्यंत पुष्कळसें विसरतात. नव्यानें शिकलेलें वाचन हें नव्या रोपासारखें असतें. सहा महिने पाणी तुटलें तर तें टिकत नाहीं. असें दोन-तीन वर्षें झालें कीं मूल वर्गांत मागें पडतें, त्याला लाज वाटूं लागते, आणि मग एके वर्षीं तें परत आल्यावर शाळेंत येतच नाहीं. बारा-तेरा वर्षांचें होतें आणि हातीं कोयता घेतें.

आतां एक योगायोग पाहा. डॉ. अब्दुल कलाम यांचा जन्मदिवस, १५ ऑक्टोबर, हा २०१५ पासून महाराष्ट्रांत ‘वाचन प्रेरणा दिन’ म्हणून साजरा होतो. त्या दिवशीं शाळाशाळांतून पुस्तकें मांडलीं जातात, भाषणें होतात, छायाचित्रें निघतात. आणि बीडमध्यें नेमके तेच दिवस गांवांतून गाड्या भरण्याच्या तयारीचे! ज्या मुलाला त्या दिवशीं पुस्तक दाखविलें, तेंच मूल पुढच्या कांहीं आठवड्यांत पुस्तकांपासून दूर जावयाचें असतें. म्हणून बीडच्या शाळांनीं हा दिवस शिदोरी बांधण्याचा करावा. जाणाऱ्या प्रत्येक मुलाला कापडाची एक पिशवी द्यावी: पांच पातळ, ठळक अक्षरांचीं पुस्तकें, एक कोरी वही, दोन पेन्सिली, आणि तीच श्रोत्याची वही. दिवसभर मोळ्या बांधून आलेल्या आईला संध्याकाळीं चुलीपुढें मुलानें एक पान वाचून दाखवावें. ती दमलेली असेल. तिला डुलकी लागली तरी चालेल. फडावर चार कोपी एकत्र असल्या तर चार पिशव्यांचीं वीस पुस्तकें होतात, तीं आपसांत फिरवावीं. आणि आठवड्यांतून एकदां, ज्या दिवशीं सवड मिळेल त्या दिवशीं, मुलानें गुरुजींना फोन लावून पांच ओळी वाचून दाखवाव्या. आज कोपींतहि फोन असतो. पांच मिनिटांचा तो श्रोता त्या मुलाला शाळेशीं बांधून ठेवील. ‘गुरुजी आपली वाट पाहत आहेत’ हें त्याला पाडव्यापर्यंत आठवत राहील.

पुस्तकांनीं वाचकाकडे जावें, हा विचार आमच्याकडे नवा नाहीं. बडोद्याचे सयाजीराव महाराज (१८६३ ते १९३९) यांनीं १९०६ मध्यें संस्थानभर सक्तीचें व मोफत प्राथमिक शिक्षण चालू केलें, आणि मुलें वाचावयास शिकून पुढें वाचणार काय, हा प्रश्न त्यांस लगेच पडला. १९१० मध्यें त्यांनीं अमेरिकेहून बोर्डन नांवाच्या ग्रंथपालास बोलाविलें व स्वतंत्र ग्रंथालयखातें काढलें. त्या खात्यानें पुस्तकांनीं भरलेल्या लांकडी पेट्या खेडोपाडीं फिरत्या ठेविल्या. एका राजास जें पेटींतून साधलें, तें एका शाळेस पिशवींतून साधण्यास हरकत नाहीं.

“पण पुस्तकें परत येतील काय?” हा प्रश्न कोणी तरी विचारणारच. कांहीं येतील, कांहीं फाटतील, एखादें पावसांत भिजेल, एखाद्याचीं पानें चूल पेटविण्यास जातील. म्हणून शिदोरीचीं पुस्तकें जडसंग्रहांत धरूंच नयेत. खडू जसा झिजण्यासाठीं असतो, तशीं हीं पुस्तकें झिजण्यासाठीं आहेत. गांवच्या, देणगीदारांच्या, किंवा आपल्यासारख्यांच्या पैशांतून आलेलीं पुस्तकें शाळेच्या नोंदवहीबाहेर ठेविलीं, तर गुरुजींच्या डोक्यावरचा भार उतरतो आणि कपाटाची किल्लीहि सैल होते.

हीं पुस्तकें फार महागहि नसतात. बालभारतीचें ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघत आहे. त्याचे मागील अंक महाजालावर विनामूल्य पाहावयास मिळतात. ‘प्रथम बुक्स’ संस्थेनें २०१५ मध्यें सुरू केलेल्या ‘स्टोरीवीव्हर’ ह्या संकेतस्थळावर मराठींतील शेंकडों चित्रकथा कोणीहि फुकट उतरवून छापून घ्याव्या अशा आहेत, आणि त्या वाचनाच्या पायरीप्रमाणें लावलेल्या आहेत. पहिली पायरी नुकत्याच अक्षरें जुळविणाऱ्यासाठीं. नॅशनल बुक ट्रस्टची नेहरू बाल पुस्तकालयाची माला आहे. शिवाय आपल्या माळ्यावर ‘चांदोबा’चे आणि ‘किशोर’चे गठ्ठे असतात, ते रद्दींत घालण्यापूर्वीं क्षणभर थांबावें. फाटके, कुरतडलेले अंक मात्र कोणास देऊं नयेत; जें आपल्या नातवाच्या हातीं देण्यास संकोच वाटेल, तें दुसऱ्याच्या मुलाला देण्यासहि संकोच वाटला पाहिजे.

आणि घरांतल्या घरांत काय करावें? एकत्र कुटुंबांत श्रोत्यांना काय तोटा! परंतु अनुभव असा कीं आजोबा दूरदर्शनसंचापुढें, काका फोनमध्यें, आणि मुलाचें वाचन ऐकण्याचें काम शेवटीं स्वयंपाक करणाऱ्या सुनेच्या गळ्यांत. तसें करूं नये. घरांतील पुरुष मंडळींनीं वार लावून घ्यावे. सोमवार आजोबांचा, मंगळवार काकांचा, याप्रमाणें. पंधरा मिनिटें फोन बाजूला ठेवून मुलासमोर बसावें, मूल चुकलें तर लगेच दुरुस्त करूं नये, वाक्य पुरें होऊं द्यावें. गोष्ट संपल्यावर ‘तात्पर्य काय?’ असें विचारूं नये. ‘पुढें काय झालें?’ एवढेंच विचारावें, आणि तें खरोखर जाणून घ्यावयाचें असावें. मुलें खोटें कुतूहल तत्काळ ओळखतात. आपल्या घरीं कामाला येणाऱ्या बाईंचें मूल बरोबर येत असेल तर त्यालाहि त्या पंधरा मिनिटांत आपल्या मुलाशेजारीं बसवावें, आणि त्याचेंहि पान तितक्याच लक्षानें ऐकावें.

अंबाजोगाईस पुढच्या खेपेस जाल, तेव्हां ओटीच्या खणानारळाबरोबर दहा पुस्तकेंहि घ्या. आधीं शाळेला कळवून, शनिवारची सकाळची शाळा गांठून, एखाद्या खेड्यांत तासभर थांबा. पुस्तकें देऊन, छायाचित्र काढून लगेच निघूं नका. जमिनीवर मुलांबरोबर बसा, एकाला म्हणा, “बाळ, मला वाचून दाखव.” तो लाजेल, अडखळेल, मधल्या जोडाक्षराशीं थांबेल. तुम्ही थांबा. पान पुरें झाल्यावर त्याच्या वहींत तुमची सही करा, आणि तुमच्या सहीवरच्या ओळींत त्याच्या आजीचा अंगठा उठला आहे काय, तें पाहा.

ज्या मुलानें कांचेबाहेरून सगळींच पुस्तकें वाचलीं होतीं, त्याचें नांव मीं त्या दिवशीं विचारलें नाहीं. त्याला एक पान वाचून दाखवावयास सांगावें, हेंहि सुचलें नाहीं. घाई होती, गाडी बाहेर उभी होती. हा लेख लिहितांना तीच रुखरुख मनांत आहे, आणि वाचकांपैकीं कोणाला ती लागूं नये म्हणून एवढा विस्तार केला.